भर दुपारी बंद पडलेलं सोलर

जयवंतीताई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. त्या इतक्या गोड बोलायला लागतात की समोरच्याला वाटतं, बाईंचं काम झालेलं दिसतंय. टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी तक्रार विभागात गेली. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" म्हणायचं. निवृत्त झाल्यावर नशिबाने त्यांना फोनच्या दुसऱ्या टोकाला आणून बसवलं. मनवेलपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीच्या त्या सेक्रेटरी, आणि विरार पूर्वेला उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि घरून काम करतो. त्यामुळे वीज गेली की वरून तो गोड आवाज मला ऐकू यायचाच.

"हो दादा, कळलं, फॉल्ट शोधताय. कालचाच शोधताय की आजचा नवीन आहे?"

बाकीच्यांसाठी वीज जाणं म्हणजे पंखा बंद, वायफाय बंद, टाकीत पाणी चढत नाही म्हणून बोंबाबोंब. चौथ्या मजल्यावर मात्र श्रीपतकाका होते. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना फवाऱ्याने रंग मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या रंगाने त्यांची फुप्फुसं खाल्ली. आता हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं यंत्र पलंगाशेजारी दिवसभर घरघरत असतं आणि त्याची नळी काकांच्या नाकाला. वीज गेली की यंत्र किंचाळतं. मग त्यांची सून स्वप्ना धावत जाऊन सिलिंडरची चावी फिरवते. घरात इन्व्हर्टर होता, पण ते यंत्र त्याची बॅटरी बघता बघता पिऊन टाकायचं. आणि इमारतीला लिफ्ट नाही. भरलेला सिलिंडर वर न्यायचा म्हणजे कोणीतरी खांद्यावरच न्यायचा.

मागच्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. सिलिंडरचा काटा खाली खाली जात होता. दुसरा सिलिंडर घेऊन निघालेला टेम्पो खणून ठेवलेल्या रस्त्यात अडकला होता. शेवटी मी आणि जयवंतीताई रिक्षा करून त्या टेम्पोपर्यंत गेलो, सिलिंडर रिक्षात आडवा घालून आणला आणि मी तो वर चढवला. काकांचे ओठ निळसर झाले होते. नळी बदलल्यावर ते म्हणाले, "बाई, मला गावाला पाठवून द्या. तुमची कटकट संपेल."

"गावाला वीज टिकते का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग गप पडून राहा."

खाली उतरताना त्या जिन्यात थांबल्या आणि वर बघितलं. गच्चीचं दार उघडं होतं आणि संध्याकाळ होत आली तरी त्यातून झळ येत होती. "एवढं ऊन," त्या म्हणाल्या, "आणि आपण रिक्षातून सिलिंडर आणतोय. काय माणसं आहोत आपण!"

त्या आठवड्यात त्यांनी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे त्यांनी ठरवलं. सोसायटीने ठरवायचं अजून बाकी होतं.

आमच्या सोसायटीची सभा ज्याने बघितली नाही त्याला मी ती समजावून सांगू शकत नाही. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात आणि विषय सोडून सगळ्यावर बोलणं होतं. ताईंनी सरळ मांडलं: गच्चीवर पॅनल लावू, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप त्यावर चालवू, आणि श्रीपतकाकांच्या यंत्राला एक पॉइंट देऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, पापड कुठे वाळवायचे? तळमजल्याच्या गृहस्थांचं म्हणणं, पॅनलमुळे वीज इमारतीवर पडते. कोणीतरी म्हणालं, गच्चीला भोकं पाडली की पावसात गळणार. त्यावर दुसरा म्हणाला, गच्ची गळतेच आहे. मग गच्ची का गळते यावर बराच वेळ गेला. मग बिल्डरने अजून इमारत आपल्या नावावर करून दिलेली नाही, म्हणजे गच्ची मुळात कोणाची, यावर. एकाने विचारलं, "त्यांच्या घरात सोसायटीची वीज का म्हणून? उद्या मी पण एसीला पॉइंट मागीन."

ताई गोड हसल्या. "तुम्ही नाकाला नळी लावून या, तुम्हालाही देऊ."

चेअरमन होते ऑस्कर. मूळचे वसईकडच्या गावातले. भावांमध्ये वाडीची वाटणी झाली तेव्हा आपला हिस्सा विकून ते इकडे फ्लॅटमध्ये आले. माणूस सरळ, पण कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर एकच, "बघू या हां." या "बघू या" मध्ये आमच्या इमारतीची कितीतरी वर्षं गेली आहेत. त्या दिवशीही ते म्हणाले, "बघू या हां, ताई. आपल्याला काय जग वाचवायचंय का?"

"जग राहू द्या," ताई म्हणाल्या. "सध्या चौथा मजला वाचवू."

सभा झाली, पुन्हा झाली, आणि पुन्हा. अखेर लोक सभांनाच इतके कंटाळले की त्यांनी हो म्हणून टाकलं. मला विचाराल तर त्यांना सोलर पटलं नव्हतं, त्यांना फक्त घरी जायचं होतं.

काम घेतलं जितेशने. हसतमुख, शर्टावर सूर्याचं चित्र, मोबाइलमध्ये दुसऱ्यांच्या गच्च्यांचे फोटो. "मॅडम, एकदा बसलं की पंचवीस वर्षं बघायचं नाही," तो म्हणाला. पॅनल आले, लोखंडी चौकटी आल्या. पापडवाल्या बाईंसाठी एक कोपरा मोकळा सोडला, तिथे त्यांनी लगेच दोरी बांधून ताबा घेतला. आठवड्याभरात गच्ची निळ्या काचेने झाकली गेली आणि लोक फोटो काढायला वर जाऊ लागले. विरोध केलेले सगळ्यात पुढे.

पण चालू काही होईना. आपण केलेली वीज बाहेर किती गेली आणि बाहेरची आत किती आली हे मोजणारं वेगळं मीटर लागतं, ते येईपर्यंत बटण दाबायचं नाही. ताई वीज कार्यालयात गेल्या. मीटर नाही. पुन्हा गेल्या. मीटर आहे, साहेब नाहीत. साहेब भेटले तर म्हणाले, तुमच्या अर्जावर सोसायटीचं नाव "को-ऑप." आहे आणि बिलावर "को-ऑपरेटिव्ह", दोन्ही एकच असल्याचं पत्र आणा.

"साहेब," ताई म्हणाल्या, "माझं नाव जयवंती. घरी मला जयू म्हणतात. एकाच बाईला म्हणतात."

साहेबांनी पत्र आणायलाच लावलं. पॅनल गच्चीवर ऊन खात बसले, आणि खाली आम्ही बाहेरच्या विजेचं बिल भरत बसलो. जिन्यात भेटेल तो ताईंना विचारायचा, "काय, सुरू झालं का तुमचं सोलर?" हे "तुमचं" त्यांना फार लागायचं. चांगलं झालं की ते सोसायटीचं, अडलं की तुमचं.

दिवाळीनंतर एकदाचं मीटर बसलं. ऑस्करनी नारळ फोडला, पेढे वाटले, जिन्यातले दिवे लागले, पंप चालला. जितेशने काकांच्या घरात एक पांढरा पॉइंट काढून दिला. स्वप्नाने यंत्राची पिन त्यात घातली आणि हात जोडले. सोसायटीचं बिल खरोखरच खाली आलं. ताई हिवाळाभर जरा माणसात होत्या.

मग मार्चमध्ये एका दुपारी वीज गेली.

ऊन असं की गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता. मी मजेत लॅपटॉप घेऊन बसलो होतो, आपल्याला आता काय फिकीर! आणि वरून यंत्राची किंकाळी आली. मी जिन्यात आलो तर जिन्यातले दिवे बंद. पंप बंद. ताई माझ्या पुढे धावत होत्या. चौथ्या मजल्यावर स्वप्ना सिलिंडरची चावी फिरवत होती आणि रडत म्हणत होती, "ताई, पॉइंट मेला. पॉइंट मेला ना!"

काकांना सिलिंडरवर घेतलं. ताई गच्चीवर गेल्या, मी मागोमाग. सगळे पॅनल जागच्या जागी, उन्हात चकाकत, आणि भिंतीवरच्या सोलरच्या डब्यावर एक लाल दिवा. ताईंनी जितेशला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"जितेश, सोलर बंद पडलंय."

"लाइट गेलीय का मॅडम?"

"हो."

"मग बंदच पडणार. ते ऑन-ग्रिड आहे ना. बाहेरची लाइट गेली की आपलं पण ऑटोमॅटिक बंद होतं."

ताईंनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "ऊन आहे जितेश. माझ्या डोक्यावर आहे."

"ऊन असलं तरी, मॅडम. रूलच आहे तो."

आणि मग जयवंतीताईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. "मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, वरती माणूस मशीनवर आहे! लाइट जाते म्हणून सोलर हवंय, असं सांगितलं होतं! लाइट असताना चालणारी लाइट मला कशाला हवी होती रे?"

"मॅडम, तुम्ही बॅकअपचं विचारलं नाही. मला वाटलं बिलासाठी..."

बाजूच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. ताईंनी फोन बंद केला आणि पॅनलच्या सावलीत खाली बसल्या. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकच झालं होतं.

संध्याकाळी वीज आल्यावर जितेश आला, हसू न आणता. त्याने नीट समजावून सांगितलं. बाहेर लाइन दुरुस्त करणारा माणूस खांबावर चढलेला असतो, त्याला वाटतं तार मेलेली आहे. अशा वेळी आपल्या गच्चीवरून त्या तारेत वीज गेली तर तो जागीच मरेल. म्हणून बाहेरची वीज गेली की सोलर स्वतःहून गप होतं. बाहेरच्या तारेपासून वेगळं होऊन चालायचं तर बॅटरी लागते आणि तो डबाही दुसरा लागतो.

ताईंना ते पटलं. त्यामुळे त्यांची आणखीच चिडचिड झाली. चूक असती तर भांडता आलं असतं. खांबावरच्या माणसाशी कसं भांडायचं?

इमारतीत मात्र सगळ्यांना तोंड फुटलं होतं. "शोभेचं सोलर." "आम्ही आधीच म्हणत होतो." पापडवाल्या बाई तर म्हणाल्या, "निदान काढून टाका, वाळवणाला जागा तरी होईल." ताईंनी बॅटरीसाठी सभा बोलावली. कोरमपुरतीसुद्धा माणसं जमली नाहीत. जे आले ते म्हणाले, पुन्हा? ऑस्कर म्हणाले, "बघू या हां. पावसाळा जाऊ द्या."

"पावसाळ्यात तर जास्तच लाइट जाते हो," ताई म्हणाल्या, आणि उठून निघून गेल्या.

त्यानंतर त्यांनी सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला. मला दाखवला. मी म्हटलं, द्या. त्या म्हणाल्या, "आणि माझ्या जागी कोण येईल? तो वीज पडते म्हणणारा?" राजीनामा पर्समध्येच राहिला.

एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं. दुपारी वीज गेली, सिलिंडर संपत आलेला, नवा खाली टेम्पोतून उतरवून ठेवलेला. टेम्पोवाला म्हणाला, माझी कंबर धरलीय, मी चढणार नाही. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो. बाकी पुरुष कामावर. ताई खाली सिलिंडरशी झटत असताना ऑस्कर बाजारातून आले, हातात बोंबलाची पिशवी. त्यांनी पिशवी ताईंच्या हातात दिली आणि सिलिंडर खांद्यावर घेतला. वय साठीच्या पुढचं, पण वाडीत केळीचे घड उचललेला माणूस. दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक गेले. तिसऱ्यावर भिंत धरली. चौथ्यावर पोचले तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. सिलिंडर दारात उभा करून ते काकांच्या पलंगाच्या कडेला बसले आणि छाती धरून धापा टाकायला लागले. स्वप्ना आधी सिलिंडर जोडू की त्यांना पाणी देऊ, अशी गोंधळून उभी. काकांनी नाकाला नळी असतानाच हात लांब करून ऑस्करच्या पाठीवरून फिरवला.

"हळू. नाकाने घ्या," काका म्हणाले. "तोंडाने नको. घाबरू नका, येतो श्वास."

हे सगळं ताईंनी मला नंतर सांगितलं. ऑस्कर बराच वेळ तसेच बसून होते. त्यांचा श्वास ताळ्यावर आला. काकांचा आलाच नव्हता, तो तसाच चालू होता, तुटक तुटक. ऑस्कर काकांच्या छातीकडे बघत राहिले. मग आपल्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटले, ते ताईंना कळलं नाही. आणि मग मराठीत म्हणाले, "घ्या ती बॅटरी. सभेचं मी बघतो."

या वेळच्या "बघतो"मागून खरंच काम आलं. ऑस्कर दारोदार फिरले. कोणाला काय सांगितलं मला माहीत नाही, पण लोकांनी सह्या केल्या.

वाटलं, आता सुटलो. तर बॅटरी ठेवायची कुठे? मीटरच्या खोलीत नाही, कारण आमच्याकडे पावसात तळमजल्यात गुडघाभर पाणी येतं. जिन्यात नाही, कारण ज्याच्या दाराशी ठेवावी तो म्हणे स्फोट होतो. उरली गच्चीच्या तोंडाशी असलेली छोटी खोली. तिथे गणपतीचं मखर, थर्मोकोलचे खांब आणि एक मोडका झोपाळा कित्येक वर्षं पडून होता. तो झोपाळा कोणाचा हे कोणी सांगेना, पण हलवायला काढला तेव्हा दोन घरांनी हक्क सांगितला. ताईंनी तो स्वतः ओढत खाली नेऊन गेटबाहेर ठेवला. "आता भांडा," म्हणाल्या. तिथे कोणी भांडलं नाही. भंगारवाला घेऊन गेला.

जूनच्या आधी बॅटरी बसली. या वेळी ताईंनी जितेशला जाऊ दिलं नाही. मेन स्विच स्वतः खाली ओढला, आणि सगळी इमारत अंधारली असताना चौथ्या मजल्यावर जाऊन यंत्राशेजारी उभ्या राहिल्या. यंत्र घरघरत होतं. काकांनी अंगठा वर केला. ताई म्हणाल्या, "अंगठा नको. नळी सरळ करा."

जुलैमध्ये व्हायचं तेच झालं. पाऊस लागला, रस्ते बुडाले, आणि सुरक्षेसाठी म्हणून सगळ्या भागाची वीज बंद केली. ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. ढगांमुळे पॅनल जेमतेम चालत होते, पण बॅटरीला जिन्यातले दिवे आणि काकांचं यंत्र पुरेल एवढं मिळत होतं. पंप मात्र त्यावर चालत नव्हता, तेवढा तिचा जीव नव्हता. झालं. ज्यांनी बॅटरीच नको म्हटलं होतं ते आता विचारत होते, मोठी का नाही घेतली? जिन्यातल्या बोर्डावर मोबाइलची गर्दी झाली. एका घराने गुपचूप वायर ओढून मिक्सर लावला. ताईंनी तो वास घेत शोधून काढला, चटणीचा वास, आणि भांड्यासकट खाली आणून ठेवला.

त्या दुपारी मागच्या चाळीतल्या बायका छत्र्या घेऊन गेटवर आल्या. पुढे ग्रेसी होती. ती आमच्या इमारतीत दोन घरी स्वयंपाक करते, त्यामुळे सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या हातात पिशवीभर मोबाइल होते, अख्ख्या चाळीचे. "ताई, थोडं चार्ज करून द्या. माझा भाऊ पाचूबंदरला आहे. बोटी किनाऱ्याला लागल्यात की नाही ते पण कळत नाही."

जिन्यातून लगेच आवाज आला. "आपलंच पुरत नाही. बाहेरच्यांना कुठे?"

ताईंनी ऑस्करकडे बघितलं. ऑस्करनी पिशवी घेतली, बोर्डावरचे काही मोबाइल काढले आणि ग्रेसीचा आधी लावला. "ज्यांचे भरलेत त्यांनी आपापले घेऊन जा," ते म्हणाले. ग्रेसीचा भाऊ सुखरूप निघाला. जेट्टीवरच होता, जाळी सावरत, आणि बहीण इतकी रडते का म्हणून वैतागला होता.

पाणी ओसरल्यावर ताई जितेशला घेऊन चाळीत गेल्या. मीही गेलो. तिथे एकेका खोलीला एकेक पत्रा, काही गंजलेले, काहींवर प्लास्टिक आणि विटा ठेवलेल्या. जितेशने मान वर करून बघितलं आणि डोकं हलवलं. "मॅडम, हे पत्रे पॅनलचं वजन धरणार नाहीत. आणि जागा मालकाची. तो परवानगी देणार नाही."

"म्हणजे ज्यांची गच्ची पक्की त्यांनाच ऊन," ताई म्हणाल्या. "हा कुठला न्याय?"

"न्यायाचं मला काय माहीत, मॅडम. मी वजनाचं सांगतो."

ग्रेसीने आम्हाला चहा दिला. चाळीच्या मागे, सार्वजनिक नळाजवळ, थोडी मोकळी जागा होती. त्यावर शेवग्याचं झाड आणि कोणाची तरी मोडकी सायकल. जितेश म्हणाला, जमिनीत खांब रोवून छोटी चौकट उभी करता येईल, दिवे आणि मोबाइलपुरती, पण झाडाची सावली पडते आणि मालकाला विचारावं लागेल. ताईंनी मालक कुठे राहतो ते विचारलं. ग्रेसी म्हणाली, नालासोपाऱ्याला, आणि फोन उचलत नाही.

"उचलेल," जयवंतीताई म्हणाल्या. कप खाली ठेवून त्यांनी शेवग्याची कोणती फांदी तोडायची ते जितेशला दाखवायला सुरुवात केली. ग्रेसी ओरडली, ती नको, शेंगा तिलाच लागतात. मग त्या दोघी कोणत्या फांदीला शेंगा लागतात यावर भांडत राहिल्या, आणि जितेश टेप काढून जमीन मोजायला लागला.